विकर आणि विकार

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. ती वाटचाल चिटणीसांनी मघाशी माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या रीतीने मांडली. म्हणून मला दिलेला वेळ मी एका वेगळ्याच विषयासाठी मागून घेतला आहे. माणसाच्या शरीरातील विकरे, ती घडवणारी जनुके आणि त्यांत चूक झाली की होणारे आजार, हा तो विषय. मी एम. ए. झाले ती मराठी वाङ्मय घेऊन. तीस वर्षे ह्या शाळेत व्याकरण आणि कविता शिकवली. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? तरीही बोलते, कारण ह्या शाळेच्या एका मुलाचे माझ्यावर देणे आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

विषयाशी माझी पहिली गाठ पडली ती एका फजितीतून. शाळेत रुजू होऊन मला दोनतीन वर्षे झाली असतील. सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिकांची मुद्रिते तपासण्याचे काम, मराठीची शिक्षिका म्हणून, माझ्या गळ्यात पडले होते. परमुलखातल्या मराठी छापखान्यांची तेव्हाची अवस्था तुम्ही जाणताच. जुळारी मराठी न जाणणारा, आणि आपली र्‍हस्वदीर्घाची अब्रू त्याच्या हाती. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील विकरांची कार्ये लिहा’ असा प्रश्न होता. काना राहिला आहे, असे समजून मी लाल शाईने तिथे काना दिला. प्रश्नपत्रिका छापून आली, ‘पुढील विकारांची कार्ये लिहा’. वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीने उत्तर लिहिले की, विकारांचे कार्य माणसास आजारी पाडणे. विज्ञानाच्या सरांनी तिला पूर्ण गुण दिले आणि ती उत्तरपत्रिका शिक्षकखोलीत माझ्यापुढे आणून ठेवली.

तेव्हा प्रथम कळले, की ज्याला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘विकर’ हा शब्द आहे. विकर आणि विकार. मध्ये एका कान्याचे अंतर. त्या दोहोंचे नाते नुसत्या लिपीपुरते नाही, हे समजायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

विकर म्हणजे काय, ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. भाकरीत साखर घातलेली नसते. लाळेतले एक विकर पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनवते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत अशी असंख्य कामे क्षणोक्षणी चाललेली असतात आणि जवळजवळ प्रत्येक कामाला त्याचे त्याचे विकर नेमलेले असते. जे काम आपोआप व्हायला वर्षे लागली असती, ते विकराच्या हाती क्षणात उरकते. त्या विकराने हात आखडला, तर काम तुंबते. ज्याचे रूपांतर व्हायचे ते साठत जाते, आणि जे तयार व्हायचे त्याची टंचाई पडते. पुष्कळ आजारांचे मूळ ह्या एवढ्याशा अडवणुकीत असते.

हे प्रथम ओळखले लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड ह्या डॉक्टरने. काही तान्ह्या बाळांची ओली लंगोटी हवेत राहिली की काळी पडत असे. ह्या विकाराचा अभ्यास करताना त्याच्या ध्यानात आले, की अशा बाळांचे आईवडील बरेचदा एकमेकांचे चुलत, मावस भावंड असतात. १९०२ साली त्याने मांडले की, हा रोग बाहेरून जडलेला नाही, तो वारशाने आला आहे आणि शरीरातल्या रसायनांच्या एका पायरीवर काहीतरी उणे आहे. (आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, ती कोणी लगेच मनाला लावून घेऊ नये, पण विचार जरूर करावा.) पुढे १९४१ मध्ये बीडल आणि टेटम ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पावावर येणार्‍या बुरशीवर प्रयोग करून दाखवले, की एक जनुक बिघडले की एक विकर बिघडते. त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुक म्हणजे विकर कसे घडवायचे ह्याचा लेख. हा लेख अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि प्रत्येक शब्द एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. त्या क्रमाने अमिनो आम्लांची माळ ओवली जाते, माळ आपोआप घडी घालून घेते, आणि विकर तयार होते. पिढ्यानुपिढ्या ह्या लेखाच्या नकला होत आल्या आहेत. पूर्वी मठांत पोथ्यांच्या नकला होत. नकलकाराची नजर चुकली की अक्षर बदले, आणि मग तीच चूक पुढच्या प्रत्येक पोथीत उतरे. जनुकाच्या लेखातल्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही. पण ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. एका वेलांटीने अवयव बदलतो.

ह्या विषयाकडे मी वळले ती मात्र शास्त्राच्या पुस्तकांतून नव्हे, एका कादंबरीकर्तीमुळे. पर्ल बक हे नाव माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. चीनमधल्या शेतकर्‍याच्या जीवनावरची तिची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी १९३१ साली आली आणि १९३८ मध्ये तिला नोबेल मिळाले. ह्या बाईंची मुलगी कॅरल १९२० साली जन्मली. दिसायला गोड, पण वाढत्या वयाबरोबर तिची बुद्धी वाढेना. आईने डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घातले. शेवटी मुलीला अमेरिकेतल्या एका निवासी संस्थेत ठेवावे लागले, आणि तिच्या आयुष्यभराच्या खर्चाची तरतूद व्हावी हीसुद्धा लेखनामागची एक निकड होती. १९५० मध्ये बाईंनी ह्या मुलीवर एक छोटे पुस्तक लिहिले. अशी मुले झाकून ठेवण्याचा तो काळ. नोबेल मिळालेल्या लेखिकेने असे उघडपणे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. मुलीला नेमके काय झाले आहे, हे मात्र ते पुस्तक लिहितानाही तिला ठाऊक नव्हते.

आणि त्याचे उत्तर तोवर नॉर्वेत सापडलेले होते! तिथे बोर्गनी एगेलंड नावाची एक आई होती. लीव्ह आणि डाग ही तिची दोन मुले, दोघेही मतिमंद. मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक कुबट वास येतो आणि त्याचा आजाराशी संबंध असला पाहिजे, असे ती जो भेटेल त्या डॉक्टरला सांगे. आईचे मन वेडे, असे म्हणून सगळे तिची समजूत काढत. १९३४ मध्ये ऑस्लोच्या आस्ब्यर्न फोलिंग ह्या डॉक्टरने तिचे ऐकून घेतले. रसायनशास्त्रही शिकलेला हा माणूस. त्याने मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तर ती गर्द हिरवी झाली. असा रंग त्याने कधी पाहिला नव्हता. आठवडेच्या आठवडे खपून त्याने ते द्रव्य वेगळे केले. मग मतिमंद मुलांच्या संस्थांतून नमुने मागवले, आणि आणखी काही मुलांत तेच द्रव्य सापडले. अन्नातल्या प्रथिनांत फेनिलॲलानीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्याचे रूपांतर करणारे विकर ह्या मुलांत चालत नव्हते. आम्ल रक्तात साठत होते आणि मेंदूची वाढ खुंटवत होते. ह्या विकाराला फेनिलकीटोनुरिया म्हणतात. कॅरल बकलाही तोच होता, हे पुष्कळ वर्षांनी उघड झाले.

पण निदान म्हणजे उपाय नव्हे. उपायाची कथा इंग्लंडात बर्मिंगहॅमला घडली, आणि तिथेही एक आईच आहे. तिची दोन वर्षांची मुलगी धड बसत नव्हती, कोणाला ओळखत नव्हती. निदान झाले; डॉक्टर म्हणाले, ह्याला इलाज नाही. ही बाई रोज सकाळी डॉ. बिकेल ह्यांच्या प्रयोगशाळेबाहेर येऊन उभी राही आणि इलाज केव्हा शोधणार, एवढेच विचारी. अखेर बिकेल आणि त्यांच्या सहकार्‍यांनी दुधाच्या प्रथिनातून ते आम्ल गाळून काढले आणि मुलीसाठी खास आहार बनवला. काही महिन्यांत मुलगी बसू लागली, नजर ओळखीची झाली. १९५३ साली हा वृत्तान्त छापून आला. पुढे रॉबर्ट गथ्री ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर, साध्या टीपकागदावर करता येईल अशी चाचणी बसवली. त्याच्या स्वतःच्या घरात अशी भाची होती. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आजार ओळखला आणि आहार सांभाळला, तर मूल तुमच्याआमच्या मुलांसारखे शाळेत जाते. जनुकातली चूक जिथल्या तिथेच राहते. ती ताटात भरून येऊ द्यायची नाही, इतकेच.

हा विकार आपल्याकडे युरोपच्या मानाने विरळ आहे. आपल्याकडे सर्रास आढळणारा, आणि आज ह्या सभागृहातही कोणाच्या तरी रक्तात निश्चित असेल असा विकार दुसराच आहे. त्याचे नाव जरा तोंडात बसत नाही: जी-सिक्स-पीडी ह्या विकराची कमतरता. विकराचे पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. जगात सुमारे चाळीस कोटी माणसांत ही कमतरता असावी, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही.

आता त्या मुलाची हकीकत.

२००३ सालचा पावसाळा होता. मी सातवीची वर्गशिक्षिका होते. मुलाचे नाव सांगत नाही. तो आज चाळिशीकडे झुकलेला, उत्तम चाललेला गृहस्थ आहे आणि त्याच्या संमतीनेच मी हे बोलते आहे. वडील रेल्वेत, घर वसाहतीतल्या दोन खोल्यांचे. त्याला हिवताप झाला. त्यावर औषध सुरू झाले, ताप उतरला, आणि चाचणी परीक्षा असल्यामुळे तो पाचव्यासहाव्या दिवशी शाळेत आला. तापातून उठलेले मूल, म्हणून चेहरा ओढलेला दिसला त्याचे मला काही वाटले नाही. दुसर्‍या तासाला तो टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, ‘‘बाई, मी घरी जाऊ?’’ मी विचारले, का रे? तो नुसता उभा. काहीतरी सांगायचे होते, पण बाईंना कसे सांगावे, हे त्याला कळत नव्हते. मी म्हटले, ‘‘आज गणिताचा पेपर आहे, म्हणून ना? बैस जागेवर. निमित्ते शोधू नकोस.’’ तो जागेवर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत नळापाशी चक्कर येऊन पडला.

त्याला सांगायचे होते ते असे, की आदल्या संध्याकाळपासून त्याला लघवी काळ्या चहासारखी होत होती. घरी आजीला सांगायची त्याला लाज वाटली, आईला सांगून तिला घाबरवायचे नव्हते. मग उरले कोण? मीच. माझे ते वाक्य मी आजवर पुष्कळ वेळा आठवले आहे.

रुग्णालयात नेले तेव्हा डोळे पिवळे, ओठ पांढरे, हिमोग्लोबिन सहाच्या खाली. लाल पेशी भराभर फुटत होत्या. दोन बाटल्या रक्त चढवले. एक वडिलांच्या सहकार्‍याने दिले, दुसरे आपल्याच विज्ञानाच्या सरांनी. तिथे एक तरुण डॉक्टर होती, तिने हिवतापाची औषधे पाहिली आणि त्यांतली एक गोळी बाजूला काढली. प्रायमाक्विन. ही गोळी वाईट मुळीच नाही. एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ताप पुन्हापुन्हा उलटतो. त्यांचा नायनाट करायला ती चौदा दिवस देतात. पण ज्याच्या रक्तात हे विकर कमी, त्याच्या लाल पेशी तिच्यापुढे टिकत नाहीत. दुसर्‍या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील एका तुरुंगात, कैद्यांवर ह्या औषधाचे प्रयोग झाले, तेव्हा काहींचे रक्त उतरू लागले; ह्याचे कारण हे विकर आहे, असे १९५६ मध्ये सिद्ध झाले. कैद्यांवर असे प्रयोग करावेत का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. ते ज्ञान आपल्या वर्गातल्या मुलाच्या उपयोगी पडले, हेही खरे आहे.

लाल पेशीचे काम प्राणवायू वाहण्याचे. जिथे प्राणवायू तिथे गंजण्याचे भय. लोखंडी तवा धुतल्यावर लगेच कोरडा पुसला नाही, तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो, हे तुम्हा गृहिणींना सांगायला नको. पेशीतही गंज धरू न देणारी एक व्यवस्था असते, आणि ती चालू ठेवण्याचे काम ह्या विकराचे. नेहमीच्या दिवशी थोडक्या विकरावर भागते. पण काही औषधे, काही जंतुसंसर्ग, काही पदार्थ ह्यांनी गंजाचा मारा एकदम वाढला, की ती अपुरी व्यवस्था कोसळते. दुसरी गोष्ट अशी, की लाल पेशीला केंद्रकच नसते; जनुकांचा लेख तिच्यापाशी उरलेला नसतो. जन्मताना विकराची जी शिदोरी मिळाली, तिच्यावर तिला सुमारे एकशेवीस दिवस काढायचे असतात. नवी पेशी म्हणजे शिदोरी ताजी, जुनी पेशी म्हणजे तळाशी आलेली.

ह्या शेवटच्या मुद्द्यानेच आमची फसगत झाली. रुग्णालयात विकराची चाचणी केली, ती बरोबर आली. म्हणजे कमतरता नाही! घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ती तरुण डॉक्टर म्हणाली, ‘‘ह्या अहवालावर विसंबू नका. विकर कमी असलेल्या जुन्या पेशी फुटून गेल्या आहेत. उरल्या त्या नव्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.’’ पालकहो, हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण अजूनही ह्या ठिकाणी चूक होते.

त्या तीन महिन्यांत त्या घरात जे घडले, ते मी जवळून पाहिले. आजीने कावीळ उतरवणार्‍याकडून माळ आणून नातवाच्या गळ्यात घातली. त्यात काही वावगे नाही, तिच्या जिवाची ती तगमग होती. पण दिवसभर तोंडी एकच जप: हे आमच्या घराण्यात नव्हते, हे सुनेच्या माहेरून आले. सुनेचा भाऊ लहानपणी अशाच काविळीने गेला होता, हे कोणीतरी उकरून काढले. मी भेटायला गेले की ती बाई मान खाली घालून चहा करी आणि आत निघून जाई. एकदा मला दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, ‘‘बाई, माझ्यामुळे झालं का हो?’’

तीन महिन्यांनी दुसरी चाचणी झाली. विकर फारच कमी होते. माझ्याजवळ तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी वाचू लागले. डॉक्टरीणबाईंना छळले, आपल्या विज्ञानाच्या सरांना छळले. आणि काही दिवसांनी शाळा सुटल्यावर त्या मायलेकांना, वडिलांना आणि आजीलाही सातवीच्या वर्गात बसवून फळ्यावर आकृती काढून दाखवली.

ह्या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईला दोन एक्स असतात, पुरुषाला एक. आईच्या एका एक्सवर चूक आणि दुसरा नीट, तर तिचे सहसा निभावून जाते. मुलाला त्या दोहोंपैकी कोणता मिळेल, हा नाणेफेकीचा प्रकार. चुकीचा मिळाला, तर सावरून घ्यायला दुसरा नाही. मुलींनाही तो तसाच निम्म्या शक्यतेने मिळतो. म्हणजे माहेरून आले, हे अक्षरशः पाहिले तर खरे होते! पण मी आजींना विचारले, तुमचे नाक तुमच्या लेकाला आले, ते तुम्ही ठरवून दिले होते का? आजी हसल्या नाहीत. पण फळ्याकडे बराच वेळ पाहत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘म्हणजे हिच्या भावाला कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर पोर जगलं असतं का?’’ त्या मुलाला काय झाले होते, ते आता कोणीच सांगू शकत नव्हते. पण त्या प्रश्नानंतर सुनेच्या माहेरचा उल्लेख त्या घरात वेगळ्या सुरात होऊ लागला.

आजींना मी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती त्यांना फार आवडली. ही चूक इतकी पसरली कशी? जी चूक जीव धोक्यात घालते, ती पिढ्यांच्या चाळणीत गळून जायला हवी होती. पण जगाच्या ज्या भागांत पूर्वापार हिवतापाचे थैमान होते, नेमक्या त्याच भागांत ती अधिक आढळते. लवकर फुटणार्‍या पेशीत हिवतापाच्या जंतूचा संसार नीट थाटत नाही. रक्ताचे काही वारसाविकार हिवतापापासून संरक्षण देत असावेत, ही कल्पना १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी थॅलसीमियाच्या संदर्भात मांडली. हे तेच हाल्डेन, जे पुढे इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांची कल्पना ह्या विकरालाही लागू पडते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. म्हणजे पूर्वजांनी हिवतापाच्या वेढ्यातून जीव वाचवून आणला, त्याचे हे उरलेले ऋण. भारतात पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत ही कमतरता विशेष आढळते, पण तिच्यापासून कोणतीही जातजमात सुटलेली नाही.

ह्या जनुकातल्या चुका दोनशेच्या घरात मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यांना गावांची नावे देण्याची प्रथा आहे. त्यांतल्या एकीचे नाव ‘कल्याण’. होय, मुंबईजवळचे आपले कल्याण! दुसरी एक ‘केरळ’. दोन वेगळे प्रकार म्हणून त्यांची नोंद झाली होती. १९९२ मध्ये अक्षरे लावून पाहिली तर दोन्ही ठिकाणी एकच चूक निघाली. ह्या विकराचा लेख ५१५ शब्दांचा, म्हणजे पंधराशे पंचेचाळीस अक्षरांचा. त्यातले ९४९ वे अक्षर बदललेले. बाकी सगळा लेख शुद्ध. माझ्या हातून गेलेल्या किती मुद्रितांविषयी मी इतके म्हणू शकेन?

आता पालकांनी विचारलेल्या काही गोष्टी. ह्या विकारावर औषध नाही आणि सहसा त्याची गरजही पडत नाही. काय टाळायचे, हे ठाऊक असले की पुरते. प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन आणि आणखी काही औषधे. त्यांची यादी डॉक्टर देतात, ती घरात आणि पाकिटात असावी. हिवताप झाला तर भीतीने उपचार मात्र टाळायचे नाहीत. हिवताप अधिक घातक. विकर कमी असणार्‍यांनाही प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली देण्याची रीत आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. बाकला ह्या शेंगेने काहींना त्रास होतो. इथल्या बाजारात ती मिळते. आपले वाल आणि पावटे म्हणजे बाकला नव्हे, वनस्पती निराळी. तेव्हा वालाची उसळ उगीच बंद करू नका. आणि डांबरगोळ्या. कपाटात, ट्रंकेत कपड्यांना कसर लागू नये म्हणून आपण टाकतो, त्या नॅफ्थलीनच्या गोळ्या. विकर कमी असलेल्या नवजात बाळाला त्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली वापरली तर नुसत्या वासानेही पेशी फुटून कावीळ चढू शकते. आणि नवजात बाळाची कावीळ हाताबाहेर गेली तर ती मेंदूपर्यंत पोचते.

हे कळले त्याच वर्षी आपल्या स्नेहसंमेलनाच्या पोशाखांच्या ट्रंका रिकाम्या केल्या. माजी विद्यार्थ्यांना त्या आठवत असतील. शिवाजी महाराजांचा अंगरखा, मावळ्यांची पागोटी, आणि झाकण उघडताच येणारा तो वास. आता तिथे कडुलिंबाचा वाळलेला पाला असतो. दरवर्षी एखाददुसरा शेला कसर खाते. खाऊ दे. त्याच वर्षी प्रवेशअर्जात एक ओळ वाढवली: ‘पाल्यास कोणते औषध चालत नाही? घरात कोणाला चालत नव्हते?’ पहिली काही वर्षे ती ओळ बहुतेक अर्जांत कोरी असे. आता निम्म्याहून अधिक अर्जांत काहीतरी लिहिलेले असते. कोणी ‘कारले’ असेही लिहिते, ते आम्ही सोडून देतो.

आणखी एक प्रसंग सांगते आणि थांबते. त्या मुलाची धाकटी बहीण तेव्हा आपल्याकडे चौथीत होती. तीही आपलीच माजी विद्यार्थिनी. आज ती सभागृहात आहे आणि मी काय बोलणार ते तिला ठाऊक आहे. मुलींच्या बाबतीत नुसत्या विकराच्या चाचणीने पक्के सांगता येत नाही. त्यांच्या काही पेशी एका एक्सवर चालतात, काही दुसर्‍यावर. लग्नानंतर दिवस राहिले, तेव्हा तिने आपण होऊन जनुकाची तपासणी करून घेतली. आईची चूक तिच्याकडे आली होती. तिने प्रसूतितज्ज्ञांना आधीच लिहून दिले. मुलगा झाला. नाळेतले रक्त तपासले, विकर कमी. दुसर्‍या दिवशी अंगावर पिवळी झाक दिसताच बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवले आणि पाचव्या दिवशी बाळबाळंतीण घरी आली.

मी बाळाला पाहायला गेले. आजी आता नाहीत. बाळाची आजी, म्हणजे मला दारापर्यंत पोचवायला आलेली तीच आई, खिडकीशी बसून दुपटे शिवत होती. तिच्या सासूने जपून ठेवलेली, नातवंडांना वापरलेली मऊसूत दुपटी ट्रंकेत होती; पण त्या ट्रंकेत पूर्वी गोळ्या असत, म्हणून तिने त्यांना हातही लावला नव्हता. अंगावरच्या वापरातले एक सुती लुगडे फाडून तिने नवी सहा दुपटी केली होती. सातवे हातात होते. सुईत दोरा काही जात नव्हता, तो तिने माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही ओवून द्या.’’